राणेताईंची तयारी

वालीवच्या आमच्या कारखान्यात विजेची बटणं बनायची. घराच्या भिंतीवर असतात तीच, पांढरी, साधी. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि बटण ही तपासायची वस्तू असते हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मला तपासणीच्या टेबलाशी नेऊन बसवलं. समोरच्या बाईंनी माझ्याकडे न बघता एक बटण कानाशी नेलं, दोनदा खटखट केलं आणि लाल क्रेटमध्ये टाकलं. मी ते उचलून तसंच खटखट करून पाहिलं. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

"दुसरा आवाज ऐक," त्या म्हणाल्या. "पहिला सगळ्यांचाच बरा असतो."

या राणेताई. तपासणी खात्याच्या प्रमुख, म्हणजे आम्हां सहा बायकांच्या प्रमुख. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चेहऱ्यावर सतत असा भाव की घरी गॅस चालू राहिलाय हे आत्ताच आठवलंय. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा महिनाभर यायचा. एकुलता मुलगा निखिल पुण्याला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. बोळिंजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये मी, आईवडिलांबरोबर. त्यामुळे सकाळचं जाणं एकत्र, संध्याकाळचं येणं एकत्र. पाच वर्षं मी त्यांच्याबरोबर ये-जा केली आणि एकदाही आम्ही ठरल्या वेळेला निघालो नाही. कायम अर्धा तास आधी.

त्यांच्या पर्समध्ये मेणबत्ती असायची. काडेपेटी, दोरीचं बंडल, तापाच्या गोळ्या, एक जादा ब्लाउज, आणि प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स. "झेरॉक्स कशाला हो ताई रोज?" असं मी एकदा विचारलं. "रोजच लागेल असं नाही, पण लागली तर?" हे त्यांचं उत्तर. घराच्या किल्लीचे चार जोड होते. एक पर्समध्ये, एक माझ्याकडे, एक कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये आणि चौथा कुठे होता ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. कुलूप लावून तीन मजले खाली उतरल्यावर त्या थांबायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, "एक राहिलंच." मग परत तीन मजले वर. मी खाली उभी राहून चरफडायचे. तोंडावर हसायचेही. त्यांना राग यायचा नाही. काळजी करणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याची काळजी करायला वेळ नसतो, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांचं दुर्दैव असं की एकदा त्यांची काळजी खरी ठरली. माल भरलेला ट्रक गेटशी उभा होता, पार्टीचा फोनवर फोन येत होता, आणि राणेताई शेठच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, "हा लॉट नको पाठवू या. मला आवाज बरोबर वाटत नाही." कागदावर सगळं पास होतं. शेठ भडकले. "तुमच्या कानासाठी मी ट्रक थांबवू?" त्या ट्रकच्या फाळक्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी दोन खोकी फोडली. आतल्या स्प्रिंगा कच्च्या निघाल्या, दहातल्या तीन. दुसऱ्या दिवशी शेठनी पूर्ण कारखान्यात पेढे वाटले आणि राणेताईंना पहिला पेढा स्वतःच्या हातानं दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता वाटतं, त्या पेढ्यांनी त्यांचं भलं केलं नाही. घाबरलेलं बरं असतं, याचा त्यांना त्या दिवशी दाखलाच मिळाला.

आता त्या खेळाचं सांगते, कारण राणेताईंची गोष्ट त्या खेळाशिवाय सांगताच येत नाही.

निखिल बारावीत असताना भावजींनी मस्कतहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. काळा डबा, दोन हँडल आणि चार-पाच डिस्का. निखिल पुण्याला गेला आणि डबा घरी राहिला. गाड्यांचे, मारामारीचे खेळ राणेताईंनी हातात धरले नाहीत. पण एक डिस्क वेगळी होती. तिचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, आम्ही तिला 'खोऱ्याचा खेळ' म्हणायचो. डोंगरांच्या मधे एक हिरवं खोरं, त्यात पाच गावं. वरच्या अंगाला मोठं धरण आणि धरणाच्या बुरुजात एक काळा सरदार बसलेला. तो धरण फोडून सगळं खोरं बुडवणार. चार जणांची टोळी जमवायची, गावोगाव फिरायचं, वाटेतल्या राक्षसांशी लढून बळ वाढवायचं, एका लांबलचक गुहेतून वर चढायचं आणि सरदाराला गाठायचं. खेळ खेळून संपवायला निखिलच्या मित्राला म्हणे दोन आठवडे लागले होते.

राणेताई तो दोन वर्षं खेळत होत्या, आणि गुहेच्या आत गेल्या नव्हत्या.

वालीवच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचे. आई म्हणायची, "दोघी बायका टीव्हीसमोर बसून राक्षस मारता, लोकांना काय सांगू?" मी खेळायचे नाही, बघायचे. त्यांचं खेळणं बघण्यासारखं होतं. हँडल त्या देवाचं तबक धरावं तसं दोन्ही हातांत सरळ धरायच्या. टोळीतल्या माणसांना आपण नावं द्यायची असतात. त्यांनी तलवारवाल्याला निखिलचं नाव दिलं होतं, ढालवाल्या म्हाताऱ्याला भावजींचं, तिरंदाजाला त्यांच्या भावाचं. चौथी एक औषध देणारी मुलगी होती, पांढऱ्या झग्यातली. तिचं नाव सुषमा. सुषमा म्हणजे मी.

"आणि तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"मी खेळवतेय ना सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "आणि तुला मागच्या रांगेत ठेवलंय हां, तुला काही लागणार नाही."

कारखान्यातल्या बाद झालेल्या तपासणी-फॉर्मांच्या पाठीवर त्यांनी त्या खेळाची तपासणी लिहून ठेवली होती. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष, त्यांच्या त्या टाइप केल्यासारख्या अक्षरात. मला त्यांनी ती एका शुक्रवारी वाचून दाखवली. गुणांमध्ये पहिलं होतं गावातलं संगीत. लढून, मार खाऊन परत गावात शिरलं की एक बासरी वाजायची, आणि ती ऐकली की राणेताईंचे खांदे खरोखर खाली यायचे, मी पाहिलंय. दुसरं, गावातली माणसं. पाणवठ्यावरच्या बायका दर खेपेला वेगळं बोलायच्या. आदल्या वेळी कुणाची गाय हरवली असेल तर पुढच्या वेळी ती सापडली का ते सांगायच्या. "कोणीतरी बसून एवढ्या बायकांचं बोलणं लिहिलंय गं," त्या म्हणाल्या. "ज्याला खेळून पुढे पळायचंय तो थांबून ऐकणार पण नाही. तरी लिहिलंय." तिसरा गुण त्यांना सगळ्यांत मोठा वाटायचा. लढाईत पाळी असायची. आपण एक वार करायचा, मग राक्षसानं एक. आपण विचार करत बसलो तर राक्षस उभा राहायचा. दहा मिनिटं चहा करून आलो तरी तो तिथेच उभा. "असा शहाणा राक्षस मी आयुष्यात पाहिला नाही," असं म्हणून त्या हसल्या.

दोषांची बाजू लांब होती. सुरुवातीचं खोऱ्याच्या राजाचं भाषण मधेच थांबवता येत नाही. खांबाच्या मागे गेलं की आपलीच माणसं दिसत नाहीत. चार पावलं टाकली की तीच तीन जनावरं, पुन्हा पुन्हा, नुसता कंटाळा. खेळातल्या लढणाऱ्या राणीचं चिलखत पोटावर उघडं. "हिला तलवार लागायच्या आधी गारठा बाधेल," त्या पुटपुटल्या. औषधाच्या पुड्या नव्व्याण्णवच्या वर ठेवता येत नाहीत, हाही दोष. त्यांच्याजवळ नव्व्याण्णव पुड्या होत्या आणि दोन वर्षांत त्यांनी त्यातली एकही वापरली नव्हती. टोळीतलं कोणी जखमी झालं की सगळ्यांना घेऊन चालत गावात परत यायच्या.

"वापरा की एखादी," मी म्हणायचे.

"पुढे लागतील."

पण खरा दोष होता तो विहिरींचा. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायचा, म्हणजे सेव्ह करायचा, तर तो फक्त गावातल्या विहिरीपाशी करता येई. गुहेत विहीर नाही. गुहा पार करायला दीड-दोन तास, आणि मधेच टीव्ही बंद पडला तर सगळं गेलं, परत गावापासून सुरुवात. आता आमच्याकडे त्या दिवसांत लाइट कसे असायचे ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. भारनियमनाचं वेळापत्रक राणेताईंनी पेपरातून कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी साडेतीन ते सहा. म्हणजे मधे साडेतीन तास मिळायचे. दोन तासांची गुहा त्यात सहज बसली असती. पण एकदा लाइट वेळेच्या पाऊण तास आधी गेले होते, आणि त्यांची एक अख्खी दुपार बुडाली होती. तेव्हापासून त्या साडेतीनातून एक तास वजा करायच्या. मग जेवण झाल्यावरची आवराआवर वजा. मग "कोणी आलं तर" म्हणून अर्धा तास वजा. उरायचा दीड तास, आणि दीड तासात गुहा होत नाही. म्हणून त्या गावाबाहेरच्या कुरणातच राहायच्या. सशाएवढी जनावरं मारायची, बळ वाढवायचं, विहिरीवर येऊन सेव्ह करायचं.

"ताई, तुमची माणसं आता केवढी बळकट झालीत. जा ना आत."

"आधी तयारी पूर्ण होऊ दे."

एका दुपारी लाइट जायच्या आधी त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. वर धरण दिसत होतं. एकदम म्हणाल्या, "सुषमा, हे बघ. पहिल्या दिवशी राजा सांगतो, आता वेळ नाही, सरदार कधीही धरण फोडेल. दोन वर्षं झाली. फोडलं का? आपण जात नाही तोवर तो बसूनच राहतो. पाणी इंचभर वर येत नाही. हा गुण लिहू की दोष?"

मी म्हटलं, "दोषच. असं कुठे असतं?"

त्या बराच वेळ पेन धरून बसल्या. मग त्यांनी ते कुठेच लिहिलं नाही.

डिसेंबरात, माणिकपूरच्या घरांवर नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या तेव्हा, त्यांनी मला ते सांगितलं. कारखान्याच्या बाथरूममध्ये, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, गाठ लागतेय. सुपारीएवढी. दुखत नाही.

मी लगेच विचारलं, "डॉक्टरकडे कधी जाताय?"

"जाणारच गो. न जाऊन कसं चालेल?" घाबरल्या की त्यांच्या बोलण्यात गावचं 'गो' यायचं. "मार्चचं ऑडिट होऊ दे फक्त. आत्ता रजा मागितली तर शेठना काय सांगू? कुणाला बोलू नकोस हां. निखिलला नको, ह्यांना तर अजिबात नको. तिथे परमुलखात जिवाला घोर."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून ती गाठ माझीही झाली. टेबलाशी समोरासमोर बसायचो आम्ही. बटण कानाशी नेण्याआधी त्या डावं कोपर अंगाशी दाबून धरायच्या, नकळत. मला ते दिसायचं आणि मी लॉटचा आकडा चुकायचे. ऑडिट झालं. मग निखिलची परीक्षा आली, त्याच्या डोक्याला ताप नको. मग मे महिन्यात भावजी आले, महिनाभर राहिले. वर्षातून एक महिना येणाऱ्या माणसाला हे सांगून त्याचा महिना कसा नासवायचा? भावजी परत गेले. मग पावसाळा, पाणी तुंबतं, जायचं कसं. मग गणपती, गावाला जायलाच हवं. मी मार्चमध्ये मागे लागले, जूनमध्ये भांडले, ऑगस्टमध्ये दोन दिवस अबोला धरला. अबोला त्यांनी पेरू आणून मोडला. त्यानंतर मी विचारणं बंद केलं. खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटायला लागली होती, कारण आता त्यांनी हो म्हटलं असतं तर डॉक्टर काय सांगतील ते मला ऐकायचं नव्हतं. रोज सकाळी त्या खाली उतरून "एक राहिलंच" म्हणायच्या, परत वर जायच्या, आणि मी आता हसायचे नाही. मला त्यांचा राग यायचा. दुसऱ्यांच्या बटणांचा दुसरा आवाज ऐकणारी बाई स्वतःच्या बाबतीत इतकी बहिरी कशी? आणि मला स्वतःचाही राग यायचा. मी निखिलला एक फोन करू शकले असते. नंबर माझ्याकडे होता. दोनदा मी पीसीओपर्यंत गेले आणि परत आले. शब्द दिलाय म्हणून, असं स्वतःला सांगितलं. ते कारण नव्हतं.

दिवाळीला निखिल आला. उंच, हसरा, सतत भूक लागलेला मुलगा. दिवाळीचे चार दिवस लाइट जाणार नाहीत असं जाहीर झालं होतं. मी चकल्यांना मदत करायला त्यांच्याकडे गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, निखिल बाहेर टीव्हीसमोर. आईचा खेळ उघडून त्यानं पहिल्यांदा टोळीचं बळ पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "आई, हे काय केलंयस? कुरणात बसून एवढं?"

"हात लावू नकोस माझ्या गावाला," राणेताई आतून ओरडल्या. "बघत असलास तर बघ."

चकल्यांचा घाणा चालू होता. मला बाहेरचं संगीत बदललेलं ऐकू आलं, ठेका जड झाला. राणेताईंचंही लक्ष गेलं असणार, कारण त्यांनी एक चकली मोडली. पण कढईत घाणा असताना त्या हलू शकत नव्हत्या. दोन तास गेले असतील. मग निखिलची हाक आली.

"आई! लवकर ये, बघ!"

त्या झारा घेऊनच बाहेर गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. पडद्यावर बुरुजातली मोठी काळोखी खोली होती आणि सरदार गुडघ्यांवर बसला होता. मग तो आडवा झाला आणि त्याचा धूर झाला.

"गेला!" निखिल म्हणाला. "तीन फटक्यांत. त्याला चान्सच नव्हता गं."

"तीन?"

"तुझी माणसं केवढी तगडी झालीत माहितेय का? मी तर घाबरत घाबरत गेलो, म्हटलं शेवटचा आहे, जबरदस्त असेल. काहीच नाही."

"आणि औषधं?"

"एक पुडी नाही लागली. नव्व्याण्णव होत्या, नव्व्याण्णव आहेत."

"गुहेत?"

"गुहेत काय आहे? चालायचं नुसतं." तो त्यांच्याकडे वळला. त्याला वाटत होतं आई खूश होईल. "अगं, तू मागच्या वर्षीच जाऊ शकली असतीस. गुहेच्या तोंडाशी पहिल्यांदा आलीस ना, तेव्हाच तुझी माणसं पुरेशी होती."

पडद्यावर गावातले लोक नाचत होते. पाणवठ्यावरच्या बायका, गाय हरवलेली ती बाई, सगळ्या. राणेताई ते बघत उभ्या होत्या. झाऱ्यातलं तेल फरशीवर ठिपकत होतं. आत कढईतून धूर यायला लागला म्हणून मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांच्या घरातला गॅस दुसऱ्या कुणी बंद करायची ती पहिलीच वेळ.

बाहेर आले तेव्हा त्या निखिलवर ओरडत होत्या. त्यांचा चढलेला आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "मला न विचारता? माझा होता तो! तुला कोणी सांगितलं होतं संपवायला?"

"आई, तुझं जुनं सेव्ह तसंच आहे," तो गडबडून म्हणाला. "मी वेगळं ठेवलंय. तू परत खेळ ना. खरंच."

"आता कसं खेळू?" त्या म्हणाल्या. "आता मला कळलं ना."

त्या झारा घेऊन आत आल्या आणि धुरकटलेलं तेल बघत उभ्या राहिल्या. ते गाळून वापरायचं की टाकायचं ते त्यांना ठरवता येईना. मीच ते टाकलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निखिल गेला. स्टँडवर त्याला सोडून त्या सरळ माझ्याकडे आल्या. माझी आई चहा टाकायला आत गेल्यावर म्हणाल्या, "बुधवारी रजा टाकशील? माणिकपूरला त्या डॉक्टरीणबाई बुधवारी असतात."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला ते सांगत बसावं लागणार नाही. ऑपरेशन मुंबईला झालं, पंधरा दिवसांत. भावजी मस्कत सोडून आले. राणेताईंनी कारखाना सोडला. निखिलला नोकरी लागल्यावर त्यानं दोघांना पुण्याला नेलं. तिथे त्या सव्वादोन वर्षं होत्या. दर महिन्याला फोन करायच्या आणि दर वेळी माझ्या घरचा गॅस बंद आहे का विचारायच्या. त्या गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. डॉक्टरकडे थोडं आधी गेलो असतो तर काय झालं असतं हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारणार नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर राणेताई येतात, त्या बुधवारच्या. बोळिंजहून आम्ही सरळ माणिकपूरपर्यंत रिक्षा केली, अशी चैन आम्ही कधी करत नसू. त्या दिवशी राणेताई कुलूप लावून खाली उतरल्या आणि थांबल्या नाहीत. तशाच रिक्षात बसल्या. रस्ता खराब होता, दर खड्ड्याला त्या डावं कोपर दाबून धरत होत्या. नालासोपाऱ्याशी एकदम म्हणाल्या, "तिथलं पाणी वाढत नव्हतं गो."

मी त्यांचा हात धरला. हात गार होता आणि त्याला चकल्यांच्या भाजणीचा वास होता.

डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये पडदा होता, हिरवा. टेबलासमोर दोन खुर्च्या. राणेताई एका खुर्चीवर टेकल्यासारख्या बसल्या, पर्स मांडीवर. मी दुसऱ्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, घरात आधी कुणाला असं काही होतं का ते विचारलं. मग विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

राणेताईंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. "असेल महिना, दीड महिना," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. वर्षभर मी ज्या गोष्टीत गप्प राहिले होते त्याच गोष्टीत अजून एकदा गप्प राहणं सोपं होतं.

"अकरा महिने," मी म्हणाले.

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग राणेताईंकडे. मला वाटलं, आता राणेताई माझ्याकडे वळतील आणि निखिलवर ओरडल्या तशा ओरडतील. त्या वळल्या नाहीत. समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या, जिथे दीड हा आकडा अर्धा लिहून झाला होता.

"बारा," त्या म्हणाल्या. "हिला मी महिन्यानं सांगितलं. बारा लिहा. मागच्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीला, उटणं लावताना हाताला लागली."